प्रवाशांनी आखलेल्या सीमा : लट्टलूर ते नांदेड

नवव्या ते सतराव्या शतकात आशिया, आफ्रिका आणि युरोपातून दख्खनमध्ये आलेल्या प्रवाशांच्या लिखाणात आजच्या लातूर आणि नांदेड जिल्ह्यांचा मुलूख वेगवेगळ्या नावांनी येतो. अरब व्यापाऱ्यांना तो बल्हारा राजाच्या राज्याचा भाग म्हणून माहीत होता. मोरोक्कोच्या इब्न बतूताने त्याला दौलताबादच्या सुभेदाराच्या अंमलात धरले. रशियाच्या अफनासी निकितिनसाठी हा बीदरच्या सुलतानाचा प्रदेश होता, तर फ्रेंच प्रवाशांसाठी औरंगाबादहून गोवळकोंड्याला, म्हणजे हिऱ्यांच्या बाजाराला, जाणारी वाट. या सर्वांनी आपापल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली : आपला धर्म कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो.

ही सीमा त्यांनी नकाशावर आखली नाही. ती त्यांना जेवणाच्या ताटात, आंघोळीच्या पाण्यात, न्यायनिवाड्यात, बाजारात आणि जकातीच्या नाक्यावर दिसली. राज्याची हद्द आणि धर्माची हद्द एकाच रेषेवरून जाते, असे त्यांच्या लिखाणात फार थोड्या ठिकाणी आढळते. त्यांच्या नोंदी ताम्रपट, शिलालेख, किल्ले आणि दर्गे यांच्याशेजारी ठेवून वाचल्या, तर मराठवाड्याच्या मध्ययुगाचे चित्र बरेच स्पष्ट होते.

बल्हाराचे राज्य

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार सामान्यतः मानतात. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. नांदेड जिल्ह्यातले कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे ठाणे होते. तिथल्या शिलालेखातून आणि जगत्तुंगसमुद्र या तलावाच्या नावातून ती ओळख टिकून आहे.

अरबी ग्रंथांत या राजाला ‘बल्हारा’ म्हटले आहे. वल्लभराज या बिरुदाचे ते अरबी रूप. मान्यखेटाचा उल्लेख ‘मानकीर’ असा येतो. इसवी सन ८५१ च्या सुमाराचा जो वृत्तांत सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, त्यात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रोमचा म्हणजे बायझंटियमचा सम्राट आणि बल्हारा. त्या वेळी मान्यखेटाच्या गादीवर अमोघवर्ष होता. त्याची कारकीर्द साठ वर्षांहून अधिक चालली. या वृत्तांतात एक लोकसमजूतही नोंदली आहे. बल्हाराचे राजे पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात, ते अरबांवर माया करतात म्हणून, असे तिथले लोक मानतात, अशी ती समजूत. अमोघवर्षाच्या दीर्घ कारकिर्दीची वार्ता बंदरावरच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचली आणि त्यांनी तिला आपल्या सोयीचे कारण जोडले, असे इथे दिसते.

बगदादचा अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास कोकणात चौलला आला. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले. त्यात सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक होते, तसेच इथेच जन्मलेले अरबांचे वंशजही होते. त्यांच्या आपसांतल्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करी. राजा त्याची नेमणूक करी आणि त्याच्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. बल्हाराच्या राज्यात मशिदी आहेत आणि त्यांत उघडपणे नमाज चालतो, हेही मसूदीने मुद्दाम सांगितले.

या कौतुकामागे राजकारण होते. राष्ट्रकूटांचे उत्तरेतले शत्रू गुर्जर-प्रतिहार, आणि सिंधमधल्या अरब सत्तेलाही त्यांचीच धास्ती होती. सुलेमानच्या वृत्तांतात गुर्जर राजा इस्लामचा सर्वांत मोठा वैरी ठरतो आणि बल्हारा सर्वांत मोठा मित्र. दोन्ही राजे एकाच धर्मपरंपरेतले होते. एक वैरी आणि दुसरा मित्र ठरला तो घोड्यांचा व्यापार, बंदरे आणि सैन्य यांच्या हिशेबाने. म्हणून अरबी वृत्तांतातली धर्माची सीमा वाचताना त्या काळातल्या मैत्रीचा आणि वैराचा नकाशा समोर ठेवावा लागतो.

तरीही मसूदीचे म्हणणे पोकळ नव्हते, याचा पुरावा महाराष्ट्रातच सापडला. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी इथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातल्या या पटात संयान, म्हणजे संजाणच्या मंडलावर मधुमती नावाचा ताजिक अधिकारी असल्याचे नमूद आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत वळण. त्याला हा अधिकार दुसऱ्या कृष्णाने दिला होता. या अधिकाऱ्याने दोन नद्यांवर फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र उघडले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने देवीचा मठ बांधला. त्याच्या खर्चासाठी जमीन देण्याचे काम याच मधुमतीच्या हातून झाले. कोकणातल्या बंदरावर एक अरब अधिकारी देवीच्या नैवेद्याची तजवीज करतो आणि त्याचा मालक लट्टलूरच्या नावाने मिरवतो, हे दहाव्या शतकातले वास्तव. मसूदीने एका बाजूने पाहिलेली व्यवस्था इथे दुसऱ्या बाजूने दिसते.

अल्-बिरूनीची कारणमीमांसा

अकराव्या शतकात परिस्थिती बदलली. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांनंतर, इसवी सन १०३० च्या सुमारास, अल्-बिरूनीने हिंदुस्थानावरचा ग्रंथ पुरा केला. तो दख्खनमध्ये आला नाही, पण धारहून दक्षिणेला जाणारा मार्ग त्याने गोदावरीपर्यंत नोंदवला. मराठी वाचकासाठी त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. हिंदू आणि मुसलमान एकमेकांना का समजू शकत नाहीत, या प्रश्नाची त्याने पद्धतशीर उत्तरे मांडली. भाषा वेगळी, धर्मश्रद्धा वेगळ्या, रीतिरिवाज वेगळे; परक्याला म्लेच्छ मानून त्याच्याशी रोटी-बेटी आणि पाण्याचाही व्यवहार न ठेवण्याची पद्धत; आणि स्वतःच्या विद्येचा अभिमान. ही कारणे सांगताना त्याने महमूदाच्या विध्वंसाचाही हिशेब धरला. लुटीमुळे लोकांच्या मनात परकीयांविषयी तिटकारा बसला आणि विद्या त्या स्वाऱ्या पोचू न शकणाऱ्या भागांत निघून गेली, असे त्याने स्पष्ट लिहिले.

अल्-बिरूनी संस्कृत शिकला आणि पंडितांच्या ग्रंथांतून बोलला. त्यामुळे त्याला सीमा दिसली ती विचारांची. व्यापारी आणि वाटसरू यांना दिसली ती रोजच्या व्यवहारातली. दोघांची साक्ष खरी आहे, पण त्यांचे विषय वेगळे आहेत. ग्रंथातली भिंत उंच होती म्हणून बाजारातला व्यवहार थांबला, असे झाले नाही.

ठाणे १३२१ आणि दौलताबाद १३४२

सीमा कधी जिवावर बेते, याचे उदाहरण ठाण्याचे आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू ठाण्यात थांबले असता त्यांची काझीपुढे चौकशी झाली. प्रेषित मुहम्मदांविषयी तुमचे मत काय, हा प्रश्न विचारला गेला आणि त्यांच्या उत्तरांनंतर ते मारले गेले. पुढे ओदोरिक हा इटालियन साधू ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनच्या बंदरापर्यंत गेला. त्याच्या प्रवासवर्णनामुळे ठाण्याचे नाव युरोपात हुतात्म्यांचे स्थान म्हणून पोचले. पुढच्या युरोपीय वाचकांचे हिंदुस्थानविषयीचे मत अशा कथांनी घडत गेले.

यानंतर वीस वर्षांनी आलेल्या इब्न बतूताचे चित्र वेगळे आहे. तो मोरोक्कोतल्या तंजा शहराचा. दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून त्याने काही वर्षे काढली आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला. वाटेत तो दौलताबादला आला. तिथला सुभेदार कुतलुगखान हा सुलतानाचा गुरू. त्याचा अंमल तेलंगणापर्यंत चालतो आणि तो प्रदेश तीन महिन्यांच्या वाटेचा आहे, असे बतूताने लिहिले. कंधार, नांदेड आणि उदगीरचा टापू या अंमलातच येतो.

दौलताबादच्या गायकांच्या बाजाराचे त्याने केलेले वर्णन बारकाईचे आहे. दुकानांत गालिचे अंथरलेले, मधोमध सजवलेला झोपाळा आणि त्यावर बसलेली गायिका. बाजाराच्या मध्यभागी एक मोठा मंडप होता. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख तिथे येऊन बसे आणि एकेक जण त्याच्यासमोर गाऊन आणि नाचून दाखवी. संध्याकाळच्या नमाजापर्यंत हे चाले. याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तिथे रात्रीचे विशेष नमाज होत. एक हिंदू राजा या बाजारावरून जाताना मंडपात उतरे आणि गाणे ऐके, तसेच काही मुसलमान राजेही करत, असे बतूता सांगतो. धर्मशास्त्राच्या या पंडिताने हा बाजार निषेधाविना, कुतूहलाने टिपला.

नंदुरबारला पोचल्यावर त्याने मराठ्यांविषयी लिहिले. हे लोक कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात निपुण आहेत. त्यांच्यातले वरिष्ठ म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न. जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही. सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज ते नात्यात लग्न करत नाहीत आणि मद्य पिणे हा मोठा दोष मानतात. जेवणापूर्वी ते जशी आंघोळ करतात, तिची तुलना त्याने मुसलमानांच्या शुद्धिस्नानाशी केली. सोवळ्याची रीत त्याला परकी वाटली नाही. स्वतःच्या धर्मातल्या विधीच्या मापाने त्याने ती मोजली आणि ती त्याला कळली. मद्याच्या बाबतीतही त्याने लगेच जोड दिली, की हिंदुस्थानातले मुसलमानही हा दोष गंभीर मानतात आणि पिणाऱ्याला ऐंशी फटके मारून तीन महिने कोंडतात. दोन समाजांत साम्य दिसले की ते नोंदवायचे, ही सवय त्याच्या लिखाणात वारंवार दिसते.

कंधारचा दर्गा

इब्न बतूता कंधारला आला नाही, पण त्याने पाहिलेल्या जगाचा एक धागा कंधारपर्यंत पोचला आहे. १३२७ मध्ये इराकात वासित शहराजवळ, उम्म उबैदा या गावी, तो अहमद अल्-रिफाई यांच्या समाधीला गेला होता. तिथे हजारो फकीर जमले होते. ढोलांच्या तालावर त्यांनी पेटत्या लाकडांच्या आगीत उड्या घेतल्या, काहींनी निखारे तोंडात घातले, असे त्याने नोंदवले. पुढे हिंदुस्थानात, अमरोह्याच्या बाजूला, त्याला हैदरी फकिरांचा जथा भेटला आणि त्यांनीही आगीत नाचून दाखवले. एका खंडातली भक्तीची रीत दुसऱ्या खंडात कशी दिसते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिले.

याच रिफाई परंपरेतले सूफी हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा कंधारला आहे. ते १४व्या शतकातले. सय्याह म्हणजे देशोदेशी फिरणारा. त्यांच्या नावातच प्रवास आहे. त्यांचा उरूस आजही भरतो आणि पंचक्रोशीतले सर्व धर्मांचे लोक त्याला येतात. या दर्ग्यापासून जवळच राष्ट्रकूटांचा तलाव आणि किल्ला आहे, आणि परिसरात जैन व हिंदू शिल्पांचे अवशेष आहेत. कंधारला हे सगळे थर एका फेरीत पाहता येतात. सूफी साधूंनी स्वतः प्रवासवर्णने क्वचितच लिहिली. मात्र बतूतासारख्यांनी पश्चिमेत पाहिलेले संप्रदाय मराठवाड्याच्या गावांत कसे स्थिरावले, याची खूण अशा स्थळांवरून पटते.

बीदरचा रशियन व्यापारी

धर्माच्या सीमेवर स्वतः उभा राहून लिहिणारा प्रवासी म्हणजे अफनासी निकितिन. तो रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी होता. व्होल्गा नदी, कॅस्पियन समुद्र, इराण आणि होर्मुझ असा प्रवास करून १४७० च्या आसपास तो चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. तो इथवर आणायला शंभर रूबल लागले, असे त्याने लिहिले आहे. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसल्याने अरबी आणि इराणी घोड्यांना मोठी किंमत येई. त्याची सगळी आशा या घोड्यावर होती.

जुन्नरला पावसाळ्यात तो अडकला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि हा मुसलमान नाही, हे कळल्यावर धर्म बदलण्याची अट घातली. बदलला तर घोडा आणि हजार सोन्याची नाणी मिळतील, न बदलला तर घोडाही जाईल आणि हजार नाणी दंडही बसेल. चार दिवसांची मुदत होती. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. एका मुसलमान अधिकाऱ्याने घातलेली सक्ती दुसऱ्या मुसलमान अधिकाऱ्याने मोडली, ही बाब निकितिनने प्रामाणिकपणे नोंदवली. तरीही आपल्या देशबांधवांना त्याने सल्ला दिला, तो कडवट : हिंदुस्थानात जायचे असेल तर आपला धर्म घरी ठेवून जा.

जुन्नरहून तो बीदरला गेला. उदगीर आणि देगलूर ही बीदरच्या जवळची गावे. बहमनी सुलतान तिसरा मुहम्मद गादीवर होता, आणि कारभार इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावानच्या हाती होता. गावानने राज्याच्या तरफांची, म्हणजे प्रांतांची, फेरमांडणी केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग होऊन गाविलगड आणि माहूर अशा दोन तरफा झाल्या. त्यातले माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. बीदरला १४७२ मध्ये उभारलेला गावानचा मदरसा अजून पाहायला मिळतो. त्याची फार्सी पत्रे इराण आणि तुर्कस्तानच्या दरबारांपर्यंत गेली. ज्या शहरात रशियन व्यापारी घोडा विकत होता, त्याच शहरातून मध्य आशियाच्या विद्वानांना निमंत्रणे जात होती.

बीदरला निकितिनने ‘ख्वाजा यूसुफ खुरासानी’ हे नाव घेतले होते. पण हिंदूंशी ओळख वाढल्यावर आपण मुसलमान नसून ख्रिस्ती असल्याचे त्याने त्यांना सांगितले. त्यानंतरचा बदल त्याने टिपला आहे : ते आपले खाणे-पिणे, व्यवहार आणि प्रार्थना त्याच्यापासून लपवीनासे झाले, घरच्या बायकाही त्याच्यासमोर येऊ लागल्या. त्याने त्यांना धर्माविषयी विचारले आणि ऐकलेले लिहून ठेवले. हिंदुस्थानात चौऱ्याऐंशी पंथ आहेत, एका पंथाचे लोक दुसऱ्याबरोबर जेवत नाहीत, लग्न करत नाहीत. काही जण मटण, कोंबडी, मासे आणि अंडी खातात, पण बैलाचे मांस कोणी खात नाही. ते उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरत नाहीत. भात आणि तुपातली खिचडी हे त्यांचे अन्न, आणि जेवताना मुसलमानाची नजर पडली तर ते ताट सोडून देतात, म्हणून कापडाने झाकून जेवतात. हिंदू-मुसलमान सीमेविषयी मध्ययुगात लिहिलेल्या नोंदींत ही नोंद सर्वांत जवळून पाहिलेली आहे. ती सीमा तलवारीच्या टोकाशी नव्हती. ती ताटावर टाकलेल्या कापडाएवढी होती आणि तेवढीच पक्की होती.

हिंदू मित्रांसोबत तो शिवरात्रीला ‘पर्वत’ या तीर्थाला गेला. हे श्रीशैल असावे, असे अभ्यासक मानतात. त्याला या स्थानाची तुलना जेरुसलेम आणि मक्केशी करावीशी वाटली. देवाच्या उंचावलेल्या हातावरून त्याला कॉन्स्टँटिनोपलमधला सम्राट जस्टिनियनचा पुतळा आठवला. काळ्या दगडाचा मोठा नंदी, त्याच्या खुराला लोकांनी दिलेले चुंबन आणि वाहिलेली फुले त्याने वर्णन केली. हिंदू पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, रशियनांसारखीच, असेही त्याने लिहिले. मराठवाड्याच्या दक्षिण सीमेलगतच्या आळंदला शेख अलाउद्दीनच्या स्मरणार्थ दहा दिवसांची जत्रा भरते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार होतो, अशीही त्याची नोंद आहे. सूफी संताच्या नावाची जत्रा आणि घोड्यांचा व्यापार एकत्र चालत होते.

बहमनी समाजातली एक वेगळी रेषाही त्याच्या लक्षात आली. अधिकाराच्या जागी खुरासानी लोक आहेत, खेड्यापाड्यातले लोक गरीब आहेत, सरदार मात्र ऐश्वर्यात राहतात. परदेशातून आलेले आफाकी आणि इथे रुजलेले दख्खनी मुसलमान यांच्यातला हा ताण पुढे विकोपाला गेला. १४८१ मध्ये महमूद गावान त्याचाच बळी ठरला. बीदर दरबारातले सर्वांत जीवघेणे भांडण एकाच धर्माच्या दोन गटांत होते.

या प्रवासात निकितिनची स्वतःची श्रद्धा हेलकावत राहिली. त्याची धर्मपुस्तके चोरीला गेली होती. उपवासाचे आणि सणाचे दिवस कळेनात, म्हणून त्याने आकाशातल्या नक्षत्रांवरून ईस्टरचा अंदाज बांधला आणि मुसलमानांच्या रोज्यांसोबत स्वतःही उपवास धरला. खरा धर्म कोणता हे देवच जाणतो, असा विचार त्याने मांडला. त्याच्या वहीत रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फार्सी आणि अरबी प्रार्थना येतात आणि शेवटही तशाच प्रार्थनेने होतो. त्वेरला पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या आसपास त्याचा मृत्यू झाला. १४७५ मध्ये वही मॉस्कोच्या एका अधिकाऱ्याच्या हाती आली आणि रशियन बखरींत तिची नक्कल झाली. १९व्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिनने ती उजेडात आणली. दख्खनच्या सामाजिक इतिहासाचे हे साधन सुमारे साडेतीनशे वर्षे रशियन मठांच्या दप्तरांत पडून होते.

नांदेडचा उतार आणि दोन झाडांची सरहद्द

सतराव्या शतकात मोगलांनी हा टापू जिंकला. कंधारचा किल्ला १६३१ मध्ये पडला, उदगीर आणि औसा १६३६ मध्ये. शाहजहानने दख्खनचे चार सुभे केले, तेव्हा तेलंगण सुभ्याचे मुख्य ठिकाण नांदेड होते आणि त्याचा मुख्य किल्ला कंधार. औरंगाबादहून गोवळकोंड्याला जाणारा व्यापारी रस्ता नांदेडवरूनच जाई.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरत ते गोवळकोंडा या वाटेची मुक्कामांची यादी दिली आहे. त्यात औरंगाबाद आणि अंबडनंतर नांदेड येते. तिथे नदी उतरावी लागे, दर गाडीला चार रुपये द्यावे लागत आणि सुभ्याच्या अधिकाऱ्याचा लेखी परवाना असल्याखेरीज पुढे जाता येत नसे. ही नदी, म्हणजे गोदावरी, गंगेला मिळते, असे त्याने लिहिले. गोदावरीला मराठवाड्यात सर्रास गंगाच म्हणतात, गंगाखेड आणि गंगथडी ही नावेही त्यातूनच आली. या स्थानिक भक्तीची कल्पना नसलेल्या परदेशी व्यापाऱ्याने ते भूगोलाचे विधान समजून घेतले असावे. जिथे लोकांची श्रद्धा आणि नकाशा वेगळे बोलतात, तिथे प्रवासी हमखास चुकतो.

दुसरा फ्रेंच प्रवासी ज्याँ द थेवनो १६६६ मध्ये सुरतेला आला. वेरूळची लेणी पाहून तो याच वाटेने गोवळकोंड्याला गेला. नांदेडच्या पुढे इंदूरचा, म्हणजे आजच्या निझामाबादचा राजा मोगलांना आपल्या सोयीपुरताच मानतो, असे त्याने लिहिले. मोगल आणि गोवळकोंडा यांची सरहद्द त्याने पाहिली आणि टिपली. तिथे भिंत नव्हती, बुरूज नव्हता. अलीकडे मोगलांच्या हद्दीत मोहाची झाडे होती, मध्ये एक ओढा आणि पलीकडे मुद्दाम लावलेली शिंदीची झाडे. ती दिसली की गोवळकोंड्याचे राज्य सुरू झाले.

या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मुसलमान राजे होते, एक सुन्नी आणि दुसरा शिया. थेवनोने हा भेद नोंदवला, पण वाटसरूला जाणवणारा खरा फरक त्याने दुसरा सांगितला. गोवळकोंड्याच्या हद्दीत जकातीचा जाच अधिक, कारण गावे सरदारांना दिलेली असत आणि वसुली राजाच्या नावाने न होता त्या सरदारांच्या नावाने होई. नाक्यांवर वसुली करणारे बहुधा ब्राह्मण असत. शिया राजा, त्याचे जहागीरदार, त्यांचे ब्राह्मण कारकून आणि त्यांच्यापुढे पैसे मोजणारा ख्रिस्ती प्रवासी, अशी ही साखळी होती. धर्माने ती कुठे तुटलेली नव्हती. पैशाने ती जोडलेली होती.

चाळीस वर्षांनी, १७०८ मध्ये, गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि इथेच त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर नांदेडची ओळख हिऱ्यांच्या वाटेवरचा उतार म्हणून कमी आणि पंजाबमधून येणाऱ्या शीख यात्रेकरूंचे तीर्थ म्हणून अधिक झाली. गोदाकाठच्या गावाला यात्रेकरूंची नवी वाट जोडली गेली.

प्रवासवर्णनांचा निकाल

या सर्व लिखाणांतून काही गोष्टी ठरतात. पहिली, प्रत्येक प्रवाशाने आपल्या घरचे माप बरोबर आणले होते. बतूताने स्नान शुद्धिस्नानाच्या मापाने मोजले, निकितिनने मूर्ती कॉन्स्टँटिनोपलच्या पुतळ्याच्या मापाने, आणि अरब व्यापाऱ्यांनी राजा घोड्यांच्या व्यापाराच्या मापाने. दुसरी, जो प्रवासी व्यवहारात जितका खोल उतरला, तितकी त्याची नोंद विश्वासार्ह झाली. निकितिन बीदरमध्ये राहिला, त्याने खरेदी-विक्री केली, तो पर्वताला गेला, म्हणून त्याला झाकलेले ताट दिसले. दरबारातून आलेल्या पाहुण्याला ते दिसले नसते. तिसरी, सोवळे-ओवळे आणि पंक्तिभेद या सीमा राज्ये बदलली तरी टिकल्या, आणि राज्यांच्या सीमा दर पिढीला हलत राहिल्या.

ठाण्याचे हत्याकांड आणि जुन्नरची सक्ती यांना या इतिहासातून वगळता येत नाही. संजाणचा मधुमती आणि कंधारचा उरूस यांनाही वगळता येत नाही. दोन्ही बाजूंपैकी एकच निवडणारा मराठवाड्याचा इतिहास अर्धाच लिहितो.

कंधार, उदगीर, औसा आणि नांदेड या चारही ठिकाणी या इतिहासाचे दगड अजून उभे आहेत. प्रवासवर्णनांची पाने आणि हे दगड शाळा-महाविद्यालयांत एकत्र शिकवले गेले पाहिजेत, स्थानिक शिलालेखांचे ठसे व्यवस्थित घेऊन जपले गेले पाहिजेत. या मुलखाविषयी परक्यांनी आठ शतके लिहिले आहे; त्यांच्या साक्षीची उलटतपासणी करण्याचे काम आता इथल्याच अभ्यासकांनी करायचे आहे.